महाविद्यालयांच्या हॅम क्लबांचा रेडिओ दिवस: आधी ठरवा, माईक कुणाच्या हातात असेल

प्रश्न असा आहे: "आमच्या महाविद्यालयाचा हॅम (म्हणजे हौशी) रेडिओ क्लब दीड वर्षापूर्वी सुरू झाला. परवानाधारक सहा जण आहेत. आणखी सात महाविद्यालयांच्या क्लबना घेऊन एक खास रेडिओ दिवस करायचा आहे. स्पर्धा ठेवावी की नुसत्या गप्पा? तयारी कुठून सुरू करू?"

स्पर्धा ठेवा, पण तिचे नियम स्वतः लिहा. मोठ्या कॉन्टेस्टचे (ठरावीक वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलण्याच्या स्पर्धांचे) नियम उचलून आणू नका. मी असे तीन कार्यक्रम उभे केले आहेत आणि पहिल्या वेळी हीच चूक केली होती, म्हणून आधी तेच सांगतो.

त्या वर्षी आम्ही नेहमीची पद्धत घेतली. प्रत्येक संपर्काला एक गुण, आणि जितके वेगळे क्लब तितका गुणक, म्हणजे बेरजेला गुणायचा आकडा. कागदावर सगळं चोख होतं. प्रत्यक्षात प्रत्येक क्लबने आपला सगळ्यात तरबेज ऑपरेटर खुर्चीवर बसवला आणि तो दिवसभर तिथून उठला नाही. त्याच्या पाठीमागे पंधरा-वीस मुलं ताटकळत उभी होती. त्यांना हेडफोनमधलं काही ऐकू येत नव्हतं, आणि माईक आपल्याकडे येणार नाही हे तासाभरात कळून चुकलं होतं. दुपारपर्यंत खोल्या रिकाम्या झाल्या. नंतर आम्ही लॉग, म्हणजे संपर्कांच्या नोंदी, मिळवून पाहिले, तर नऊ क्लबांतून हवेत गेलेले आवाज होते तेरा. ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ती मुलं दिवसभर भिंतीला टेकून उभी राहिली. ते अजूनही मनाला लागतं.

दुसरी अडचण गणिताची आहे, आणि ती तुम्हालाही येईल. तुम्ही आठ क्लब असाल तर एका बँडवर (वारंवारतांच्या एका पट्ट्यावर) आपसात जोड्या होतात फक्त २८. प्रत्येक क्लबला उरलेले सात क्लब एकदा गाठायचे. हे काम अर्ध्या तासात संपतं. मग पुढे काय? मोठ्या कॉन्टेस्टमध्ये हजारो स्टेशन असतात, म्हणून "एका स्टेशनशी एका बँडवर एकदाच" हा नियम तिथे चालतो. आठ जणांच्या मेळाव्यात त्याच नियमाने कार्यक्रमाचा गळा आवळला जातो.

दुसऱ्या वर्षी आम्ही एकच गोष्ट बदलली. संपर्क क्लबचा न धरता ऑपरेटरचा धरला. देवाणघेवाणीत तीन गोष्टी ठेवल्या: सिग्नल रिपोर्ट (समोरचा किती स्पष्ट आणि किती जोरात ऐकू येतो त्याचे आकडे), बोलणाऱ्याचं पहिलं नाव आणि तो त्या क्लबचा कितवा ऑपरेटर आहे तो क्रमांक. "पाच नऊ, मी स्नेहा, ऑपरेटर चार." बस, एवढंच. कोणत्याही टोकाला माणूस बदलला की तो नवा संपर्क. गुणक मोजायचा तो ऐकलेल्या वेगवेगळ्या ऑपरेटरांचा. आणि खुर्ची कुणीही सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त अडवायची नाही. आता आठ क्लबांनी दहा-दहा मुलं बसवली तर त्याच २८ जोड्यांतून २,८०० संपर्क शक्य होतात. एका दिवसात तेवढे होत नाहीत, पण संपर्क संपले म्हणून कंटाळा आला असंही होत नाही. मुख्य म्हणजे ज्या क्लबला जिंकायचंय त्याला नवखी मुलं माईकवर आणावीच लागतात. "नवोदितांना संधी द्या" असं विनंतीपत्रात लिहून कुणी देत नाही. तिथे गुण ठेवले की देतात.

या विचाराच्या जवळचं एक जुनं उदाहरण आहे. अमेरिकेतली एआरआरएल ही संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरमध्ये, 'स्कूल क्लब राउंडअप' घेते. त्यात आपण एकटे आहोत, क्लब आहोत की शाळा, हे देवाणघेवाणीतच सांगावं लागतं आणि शाळेशी झालेल्या संपर्काला जास्त वजन असतं. म्हणजे अनुभवी हॅम स्वतःहून शाळेचा अडखळता आवाज शोधत येतात. तुमच्या भागातल्या जुन्या हॅमनाही असंच सामील करून घ्या. महाविद्यालयांनी त्यांना गाठलं तर थोडे गुण, पण त्यांची आपसातली गणती शून्य.

आता परवान्याचं. इथे घाई करू नका. परवाना नसलेल्या विद्यार्थ्याला परवानाधारकाच्या देखरेखीखाली माईकवर बोलता येतं का, हे प्रत्येक देशाच्या नियमांवर अवलंबून आहे. काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी मुळीच नाही. तुमच्या परवान्याच्या अटी शब्दन्‌शब्द वाचा आणि शंका असेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारा. सीमेपलीकडचं महाविद्यालय घ्यायचं असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीतलं २५वं कलम हौशी रेडिओचं आहे. त्यानुसार त्रयस्थ माणसाच्या वतीने परदेशी संदेश पाठवणं हे आणीबाणी आणि आपत्तीतल्या मदतीपुरतं मर्यादित आहे, आणि त्याची अंमलबजावणी कशी करायची ते प्रत्येक देशाचं प्रशासन ठरवतं. त्याच कलमात अर्थ लपवणारी सांकेतिक भाषा वापरू नये असंही आहे. म्हणून "गुप्त संदेश उलगडा" असा खेळ कुणी सुचवला तर नम्रपणे नकार द्या. सूचना बहुधा येतेच.

परवान्याशिवाय बोलणं चालत नसेल तर तारीख पुढे ढकला आणि आधी परीक्षा द्यायला लावा. "या दिवशी तुझ्या स्वतःच्या कॉलसाइनने बोलशील" (कॉलसाइन म्हणजे स्टेशनची ओळख सांगणारी अक्षरं) यासारखं अभ्यासाचं दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

विशेष कॉलसाइनसाठी अर्ज करणार असाल तर तो सगळ्यांत आधी करा, निदान तीन महिने. पण त्यावर सगळं अवलंबून ठेवू नका. मिळाली तर ती यजमान क्लबने वापरावी, बाकीच्यांनी आपापली क्लब-कॉलसाइन. सगळ्यांनी मिळून एकच कॉलसाइन वापरायचा मोह होतो. तसं केलं तर कोण कुणाशी बोललं हेच लॉगमध्ये कळत नाही.

तारीख ठरवताना कॉन्टेस्टचं कॅलेंडर उघडून बसा. ऑक्टोबरचा शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार सीक्यू वर्ल्डवाइडच्या एसएसबी (म्हणजे आवाजाच्या) फेरीचा, मार्चचा शेवटचा डब्ल्यूपीएक्सच्या एसएसबी फेरीचा. त्या दिवशी ४० आणि २० मीटरवर (बँडांची नावं तरंगलांबीवरून) पाय ठेवायला जागा नसते आणि नवखं मूल पहिल्या पाच मिनिटांत खचतं. ३०, १७ आणि १२ मीटरवर स्पर्धा घ्यायची नाही हा जगभर पाळला जाणारा संकेत आहे, तेव्हा गुणांसाठी त्या बँडांकडे वळू नका. तारखेला निमित्त हवंच असेल तर १८ एप्रिल चांगली. १९२५ साली याच दिवशी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाची स्थापना झाली, आणि जागतिक हौशी रेडिओ दिन म्हणून तो पाळतात.

बँड कोणता, हे क्लबांमधल्या अंतरावर ठरतं. सगळे एकाच शहराच्या परिसरात असतील तर दोन मीटरच्या बँडवर एफएममध्ये सिम्प्लेक्स, म्हणजे थेट स्टेशन ते स्टेशन, ठेवा. रिपीटरवर (सिग्नल पुढे पोचवणाऱ्या सामाईक स्टेशनवर) स्पर्धा घेऊ नका, तो दिवसभर अडकून राहतो. अंतर पन्नास ते चारशे किलोमीटर असेल तर दिवसा ४० मीटर. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते: अँटेना फार उंच नेऊ नका. पाच ते आठ मीटर उंचीवरचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना) आपली बरीच शक्ती सरळ वर फेकतो, आयनावरणाला (वातावरणाच्या वरच्या, रेडिओलहरी परतवणाऱ्या थराला) आपटून ती आसपासच्या शेकडो किलोमीटरवर पावसासारखी खाली येते. हॅम मंडळी याला एनव्हीआयएस म्हणतात. मात्र आयनावरणाची क्रांतिक वारंवारता (सरळ वर गेलेली लहर जिथपर्यंत परत येते ती मर्यादा) ७ मेगाहर्ट्झच्या खाली उतरली की वर गेलेला सिग्नल परत येत नाही. जवळची स्टेशनं अचानक नाहीशी होतात आणि हजार किलोमीटरवरची ठणठणीत ऐकू येतात. संध्याकाळकडे हे हमखास होऊ शकतं. त्या वेळी ८० मीटरवर जा, किंवा कार्यक्रम सूर्यास्ताआधी संपवा. मी दुसरा मार्ग धरतो.

डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये काढायला १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागा. ७.१ साठी साधारण २० मीटर वीस सेंटिमीटर कापा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळली त्याचं माप) पाहत दोन्ही टोकांनी सारखं कमी करत जा. एकच खांब मिळाला तर मध्य वर आणि टोकं खाली, म्हणजे उलटा व्ही. टोकांशी व्होल्टेज जास्त असतं, तेव्हा ती माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी वर बांधा. आणि विजेच्या तारांपासून इतकं लांब राहा की अँटेना किंवा खांब कोणत्याही बाजूला पडला तरी तारेला शिवणार नाही. या एका बाबतीत मी कुणाचंच ऐकून घेत नाही. जागा नसेल तर त्या क्लबने त्या दिवशी नुसतं ऐकावं.

एका ठिकाणी दोन रिग (रेडिओ संच) चालवायच्या असतील तर ४० आणि २० किंवा ४० आणि १५ अशी जोडी लावण्याआधी विचार करा. ७.१ ची दुप्पट १४.२ आणि तिप्पट २१.३. म्हणजे ४० मीटरचं प्रक्षेपण सुरू झालं की त्याचे हार्मोनिक बरोबर दुसऱ्या रिगच्या कानात. बँडपास फिल्टर (एकच बँड आत सोडणारे) असतील तर प्रश्न नाही. नसतील तर एचएफवर (४०, २०, १५ मीटरसारख्या बँडांवर) एकच रिग ठेवा आणि दुसरं टेबल दोन मीटरचं.

यापेक्षा मोठा शत्रू असतो विजेच्या उपकरणांचा रेडिओवरचा गोंगाट. महाविद्यालयाची इमारत म्हणजे संगणक, एलईडी दिवे, लिफ्ट, चार्जर. एका क्लबच्या खोलीत एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) काही न ऐकताच ८ वर बसला होता. त्यांना वाटत होतं, बाकीच्यांचे सिग्नल कमजोर आहेत. आम्ही मजल्याचे दिवे आणि संगणक एकेक करून बंद केले, अँटेना इमारतीपासून चाळीस मीटर लांब मैदानाच्या कडेला नेली, कोॲक्सला (अँटेनाच्या केबलला) गोंगाट अडवणाऱ्या फेराइटच्या कड्या घातल्या, तेव्हा काटा ६ वर आला. दोनच घरं, पण एक एस-युनिट म्हणजे ६ डेसिबल, शक्तीत चौपट. दोन युनिट म्हणजे सोळापट. समोरच्या सगळ्या स्टेशनांनी १०० वॉटऐवजी १,६०० वॉट वापरावेत, तेवढा फायदा त्या क्लबला चाळीस मीटर कोॲक्सने मिळाला. म्हणून प्रत्येक क्लबला सांगा: कार्यक्रम ज्या वारी आणि ज्या वेळी आहे, नेमक्या त्याच वारी त्याच वेळी दोन आठवडे आधी रिग लावा आणि एस-मीटरचा आकडा कळवा. रविवारी सामसूम इमारतीत घेतलेली चाचणी कामाच्या दिवशी उपयोगाची नाही.

आपला सिग्नल बाहेर जातोय का हे पाहायला वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारे रिसीव्हर, चांगले. नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठाचा प्रसिद्ध रिसीव्हर तर विद्यापीठाच्या हौशी रेडिओ क्लबच्याच जागेत आहे, ही मला फार आवडणारी गोष्ट. मात्र स्पर्धेच्या वेळात इंटरनेटवरून ऐकून संपर्क नोंदवायचा नाही, हे नियमांत स्पष्ट लिहा.

एफटी-८ ठेवावं का, असंही विचाराल. २०१७ साली आलेल्या या पद्धतीत १५-१५ सेकंदांचे आवर्त असतात आणि कानाला ऐकू न येणारे सिग्नलही संगणक वाचतो. अँटेना तपासायला मी ते रोज वापरतो. पण मुलांच्या पहिल्या कार्यक्रमात नको. तिथे संगणक संगणकाशी बोलतो, आणि आपल्याला मुलांना बोलतं करायचंय. मोर्स मात्र जरूर ठेवा आणि त्याला दुप्पट गुण द्या. प्रत्येक क्लबात एखादं तरी मूल गुपचूप मोर्स शिकत असतं. त्याला तो दिवस मिळू दे.

मोर्सवरून आठवलं. महाविद्यालयांना जोडणारा रेडिओ कार्यक्रम ही शंभरहून अधिक वर्षांची परंपरा आहे. नोव्हेंबर १९२१ मध्ये टेक्सास विद्यापीठ आणि टेक्सास ए अँड एम यांच्यातल्या फुटबॉल सामन्याचं वर्णन विद्यार्थ्यांनी ५एक्सबी या स्टेशनवरून ऑस्टिनच्या ५एक्सयूला मोर्समध्ये, खेळ चालू असतानाच कळवलं. खेळातल्या प्रत्येक हालचालीसाठी त्यांनी आधीच संक्षेपांची यादी बनवून दोन्ही टोकांना वाटली होती, म्हणून हाताचा वेग खेळाच्या वेगाला पुरा पडला. सामना शून्य-शून्य सुटला. यातलं घेण्यासारखं म्हणजे ती यादी. हवेत काय बोलायचं हे त्यांनी मैदानात जाण्याआधी ठरवलं होतं.

तुम्हीही तेच करा. एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत संपूर्ण संवाद लिहा आणि रिगसमोर चिकटवा. हाक कशी द्यायची, उत्तर आलं तर काय म्हणायचं, कॉलसाइन अर्धीच कळली तर काय विचारायचं, निरोप कसा घ्यायचा. शेजारी अल्फा-ब्राव्होची, म्हणजे अक्षरं सांगायच्या शब्दांची, यादी. शेवटच्या दोन ओळी अशा असू द्या: "पुन्हा सांगा" म्हणायला लाजू नका, आणि पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबल्यावर एक श्वास घेऊन मग बोला. पहिलं अक्षर कापलं जाणं हा नवख्यांचा सगळ्यात नेहमीचा घोटाळा आहे.

मग तालीम. शेजारशेजारच्या दोन खोल्यांत दोन टोकं समजायची आणि रिगशिवाय, नुसत्या फोनवर, कागदावरचा संवाद म्हणायचा. प्रत्येकाने वीस संपर्क, समोरच्याने मुद्दाम नाव अडखळत सांगायचं, मध्येच गोंगाट करायचा. एवढं झालं की खऱ्या दिवशी हात थरथरला तरी तोंड बंद पडत नाही. माईकवर बसल्यावर शब्द न फुटणं हे हुशार मुलांनाही होतं. अशा वेळी मागून ओरडून सांगू नका. हेडफोनला दुफाटा लावा, शेजारी लॉग लिहिणाऱ्याच्या कानातही तोच आवाज जाऊ द्या. तो बोटाने कागदावरची ओळ दाखवेल. आमच्याकडे नियम असा की आधी पंधरा मिनिटं लॉग लिहायचा, मग खुर्ची. कानाला सवय झालेली असते.

दिवसाचं वेळापत्रक आटोपशीर ठेवा. पाच तास पुरे. पहिला अर्धा तास नेट, म्हणजे हवेतली हजेरी: यजमान क्लब नेट कंट्रोल होतो, एकेका क्लबला नावाने बोलावतो, सगळे हजेरी देतात. यात कोणाची अँटेना चालत नाही ते लगेच कळतं आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. मग दोन तास स्पर्धा, मध्ये अर्धा तास विसावा, पुन्हा दीड तास स्पर्धा आणि शेवटी परत नेट. वारंवारता एक ठरवू नका, वीस-तीस किलोहर्ट्झचा पट्टा ठरवा. बँडवर कुणाची मालकी नसते. त्या जागी कुणी आधीच बोलत असेल तर तुमचा कार्यक्रम कितीही मोठा असो, सरकायचं तुम्हीच. हाक देण्याआधी "ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?" हे दोनदा विचारणं कागदावरच छापा.

विसाव्याच्या अर्ध्या तासासाठी एक सुचवतो. गुण नाहीत, रिपोर्ट नाही. प्रत्येक क्लबने दोन मिनिटं आपल्या अँटेनाचं वर्णन करायचं: कशापासून केली, कुठे अडली, काय जमलं नाही. आमच्याकडे एका क्लबने टेलिफोनच्या जुन्या वायरचा डायपोल केला होता, आणि तो कसा केला हे ऐकायला लागोपाठ चार क्लब प्रश्न विचारत राहिले. स्पर्धा दहा मिनिटं उशिरा सुरू झाली. मी थांबवलं नाही.

बाकीची कामं छोटी पण घात करणारी. गच्चीची किल्ली आदल्या रात्री हातात हवी. रखवालदाराला लेखी परवानगी दाखवायला हवी. लॉगिंगच्या सगळ्या संगणकांवर वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) हवी. आमच्या एका क्लबने स्थानिक वेळ लावली आणि त्यांचे सगळे संपर्क इतरांच्या लॉगशी जुळेनात. शिवाय कागदी लॉगची एक वही प्रत्येक टेबलावर, कारण लॅपटॉप ऐन वेळी अपडेट घेत बसतो.

लॉग सात दिवसांत मागवा, एडीआयएफ (हॅम लॉगच्या फाइलच्या प्रमाण) स्वरूपात, आणि ऑपरेटरचं नाव व क्रमांक शेऱ्याच्या रकान्यात भरायला सांगा. दोन्ही लॉग ताडून पाहायचं काम एकाच क्लबवर टाकू नका, प्रत्येक क्लबमधून एक असे आठ जण दोन तास एकत्र बसले तर संपतं. न जुळलेल्या संपर्कांवर दंडाचे गुण लावू नका. नुसते वजा करा आणि चूक कुठे झाली ते त्या मुलाला दाखवा. निकालात पहिला क्रमांक जाहीर करा, त्यासोबत प्रत्येक क्लबमधून किती आवाज हवेत गेले तो आकडाही. आमचा तेराचा आकडा दुसऱ्या वर्षी एकाहत्तर झाला होता.

क्यूएसएल कार्डावर (संपर्क झाल्याची पावती म्हणून पाठवायच्या) क्लबच्या कॉलसाइनसोबत दोन्ही टोकांच्या ऑपरेटरांची नावं छापायला जागा ठेवा. ती हाताने भरा, छापखान्यातून नको. ज्यांचा तो आयुष्यातला पहिला संपर्क होता त्यांची कार्डं वेगळी काढून आधी पाठवा. नियमांचा मसुदा तयार झाला की इथेच टाका, मी वाचून कळवतो. ७३ (हॅम भाषेत शुभेच्छा).